ग्रुप व्हिडिओ कॉल फुकट झाला कसा?

आज फॅमिली ग्रुपवर कुणी "कॉलवर या रे सगळे" टाकलं की पाच मिनिटात पुणे, दुबई, न्यू जर्सी एका स्क्रीनवर, त्याच फोनवर सकाळची ऑफिसची मीटिंग पण होते, आणि नेटपॅक सोडला तर वेगळा पैसा कुणी देत नाही. पण हे अगदी अलीकडचं आहे. सर्वसामान्यांसाठी आधी फुकट झाला तो दोघांचा कॉल, तिसरा माणूस आला की पैसे, असं बरीच वर्षं होतं.

चेहरा बघत बोलायची सोय तशी जुनी. १९६४ मधे अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने पिक्चरफोन आणला, न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन बूथमधून बोलायला पहिल्या ३ मिनिटांचे १६ डॉलर, तेव्हाचे! १९७० ला पिट्सबर्गमधे ऑफिसांना महिना १६० डॉलरने दिला, तरी नाही चालला. पुढे १९९२ मधे कॉर्नेल युनिव्हर्सिटीत सीयू-सीमी नावाचं फुकट सॉफ्टवेअर झालं, ब्लॅक अँड व्हाइट छोटंसं चित्र, पण लवकरच त्यावर अनेक जण एकत्र भेटू लागले. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेटच मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं.

मग स्काईप. २००३ ला आवाज, २००६ ला व्हिडिओ. मुलगा एमएस ला गेला की घरात वेबकॅम यायचा आणि रविवारी सकाळी आईबाबा टेबलासमोर खुर्च्या मांडून बसायचे, ते दिवस यामुळेच. पण भाऊ ह्यूस्टनला, बहीण सिडनीला आणि आईबाबा नाशकात असे तिघे एकत्र बघायचे तर कुणा एकाला प्रीमियम घ्यावं लागायचं, स्काईपवर ग्रुप व्हिडिओ सगळ्यांना फुकट झाला थेट एप्रिल २०१४ ला.

याला कारण होतं. दोघांच्या कॉलमधे व्हिडिओ शक्यतो थेट एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो, कंपनीला फार खर्च नाही. पाच जण असले की प्रत्येकाने बाकी चौघांना आपलं चित्र वेगवेगळं पाठवायचं, घरच्या नेटचा अपलोड तिथेच बसतो. म्हणून मधे सर्व्हर लागतो, तो प्रत्येकाकडून एकदाच घेतो आणि बाकीच्यांना वाटतो. तो सर्व्हर आणि त्याची बँडविड्थ, म्हणजे त्याला लागणारं नेट, खरा खर्च हा.

म्हणून माझ्या मते खरं वळण २०११ चं. त्या मे महिन्यात गूगलने वेबआरटीसी (ब्राउझरमधून आवाज आणि व्हिडिओ पाठवायचं तंत्र) चा कोड सगळ्यांसाठी खुला केला, त्याच्यामुळे पुढे काही इन्स्टॉल न करता ब्राउझरमधून कॉल करता येऊ लागला, जित्सी मीट सारखं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) कॉलिंग ॲप त्यावरच चालतं. आणि जूनमधे गूगल प्लस या गूगलच्या तेव्हाच्या सोशल नेटवर्कवर हँगआउट्स, १० जण, फुकट, मधल्या सर्व्हरचा खर्च गूगलचा. लॉकडाऊनच्या गप्पांत याचं नाव कुणी घेत नाही, वाईट वाटतं.

आपल्या घराघरात मात्र हे आलं ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाल्यावर. त्याच नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल, आणि जुलै २०१८ ला ग्रुप, पण फक्त ४ जणांचा, आता काका मामा धरले तर चारात कुणाचं भागणार? एप्रिल २०२० ला ८ झाले.

तोवर लॉकडाऊन लागलेला. झूमवर डिसेंबर २०१९ मधे दिवसाला फार तर १ कोटी लोक यायचे ते एप्रिलमधे ३० कोटी (एकच माणूस चार मीटिंगला बसला तर चारदा मोजलेला). गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नाही म्हणून सांगितलं, गूगलने मीट सगळ्यांना फुकट दिलं, जुलैत जिओमीट आलं. बारशी, दहावे, इंटरव्ह्यू सगळं त्यावरच, झूमवर ४० मिनिटं झाली की कॉल बंद आणि परत तीच लिंक.

गणपतीत आरतीचा घोळ मात्र सगळीकडे सारखाच व्हायचा. फोनवर बोलताना साधारण १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खपतो, टाळ्यांना तेवढाही खपत नाही, त्यामुळे प्रत्येक घराची "सुखकर्ता" वेगळीकडेच चाललेली. शेवटी ज्याच्या घरी गणपती त्याचाच माईक चालू, बाकी सगळे म्यूटवर, आणि आपापल्या घरात जोरात म्हणायचं.

स्काईप ५ मे २०२५ ला बंद झालं. मीटवर तिघे किंवा जास्त असतील तर फुकटात ६० मिनिटं मिळतात आणि झूमने २०२२ पासून दोघांच्या कॉललाही ४० मिनिटांची मर्यादा लावलीय, म्हणजे जो दोघांचा कॉल आधी फुकट झाला होता त्यालाही आता घड्याळ लागलंय.