डेट्रॉइट : दंगलीपेक्षा घरपट्टीची गोष्ट मोठी आहे

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटचा विषय निघाला की गाडी हमखास १९६७ च्या दंगलीवर जाते. ४३ माणसं मेली, गोरे पळाले, कारखाने गेले, शहर बसलं. हे सगळ्यांना पाठ आहे, ते दळण परत नको. फक्त एवढंच, की १९५० ला साडेअठरा लाख असलेली वस्ती दंगलीच्या आधीच उतरणीला लागली होती, आणि कोणी कुठे राहायचं हे तर त्याच्याही आधी ठरलेलं. ब्लॅक वस्त्या नकाशावर लाल रंगवून तिथे कर्ज नाकारायचं, ही पद्धत १९३० च्या दशकातली. १९४१ मध्ये एका बिल्डरने ब्लॅक वस्तीला लागून अर्धा मैल लांब, सहा फूट उंच भिंत घातली, का तर पलीकडे गोऱ्यांसाठी बांधायच्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळावं म्हणून. भिंत अजून उभी आहे, आता तिच्यावर रंगीत चित्रं काढलीत.

दुसरी भिंत विटांची नव्हती. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की शहरातल्या शाळांमधला वर्णभेद मोडायला उपनगरांच्या शाळांना त्यात ओढता येणार नाही. झालं, शहराच्या उत्तर हद्दीवरचा एट माइल रस्ता ओलांडला की शाळा वेगळी, टॅक्स वेगळा, दुनिया वेगळी. आपली बरीच मराठी मंडळी ‘डेट्रॉइटला असतो’ म्हणतात आणि राहतात ट्रॉय, नोव्हाय नाहीतर फार्मिंग्टन हिल्सला, म्हणजे या रस्त्याच्या पलीकडेच. म्हणायला हरकत काहीच नाही, पण खाली जे सांगतोय ते त्या पलीकडच्या घरांना फारसं लागू होत नाही.

आता मुद्द्याचं. ‘फोरक्लोजर’ म्हटलं की आपल्याला वाटतं बँकेचे हप्ते थकले आणि बँकेने घर घेतलं. २००८ च्या आसपास तसं झालंच, भरपूर झालं, पण त्यानंतर डेट्रॉइटमध्ये जी लाट आली ती बँकेची नव्हती, ती घरपट्टीची होती. तीन वर्षं घरपट्टी थकली की काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं प्रशासन, घर जप्त करते आणि लिलावात काढते, आणि तिथे बोली ५०० डॉलरपासूनसुद्धा सुरू व्हायची. २०११ ते २०१५ या पाच वर्षांत शहरातल्या साधारण चारातली एक मालमत्ता अशी गेली. थकबाकीवर वर्षाला १८ टक्के व्याज, आणि या व्याज-दंडाच्या पैशातून काउंटी स्वतःच्या बजेटची भोकं बुजवत होती. म्हणजे लोकांनी वेळेवर भरलं असतं तर काउंटीचीच अडचण झाली असती, असा उफराटा कारभार.

पण खरी मेख बिलातच आहे. मिशिगनच्या राज्यघटनेत लिहिलंय की आकारणीसाठी धरलेली किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त नको. मंदीत डेट्रॉइटच्या घरांचे भाव कोसळले आणि कागदावरचे आकडे मात्र वरच राहिले, अख्ख्या शहराचं फेरमूल्यांकन ५० हून जास्त वर्षं झालंच नव्हतं, ते २०१७ मध्ये कुठे पुरं झालं. त्यात जेवढं घर स्वस्त तेवढी आकारणी जास्त चुकीची, म्हणजे फटका गरिबांना, आणि या शहरात गरीब म्हणजे बहुतेक वेळा ब्लॅकच. त्यातही गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की उत्पन्न कमी असेल तर घरपट्टी माफ व्हायची सोय कायद्यातच होती, फक्त दरवर्षी अर्ज करायला लागायचा आणि ही सोय आहे हेच कितीतरी जणांना माहीत नव्हतं. जो टॅक्स मुळात माफ व्हायला हवा होता, तोही वाढवून लावलेला, त्याच्यासाठी लोकांची घरं गेली. आणि पेपरात शब्द काय, तर थकबाकीदार! विचारायला जावं तर शहर म्हणणार जप्ती आमची नाही, काउंटी म्हणणार आकारणी आमची नाही.

याच काळात, जुलै २०१३ ला, शहराने दिवाळखोरी जाहीर केली. ती राज्याने नेमलेल्या इमर्जन्सी मॅनेजरने (पैशाच्या अडचणीतल्या शहराचा कारभार हातात घेणारा अधिकारी) केली, लोकांनी निवडलेल्या महापौराने नाही. असा मॅनेजर नेमायचा कायदा राज्यातल्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदान करून रद्द केला होता, डिसेंबरात विधिमंडळाने तसाच नवा केला, आणि त्याला थोडी पैशाची तरतूद जोडली, कारण तशी जोडली की त्यावर परत जनमत घेता येत नाही. हुशारी बघा! शेवटी देणी भागवायला विकावी लागतील अशी भीती असलेली म्युझियममधली चित्रं वाचली, पोलीस-अग्निशमन सोडून शहराच्या बाकी निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापलं आणि महागाईवाढ बंद झाली.

जप्तीची बाजू थोडी सुधारली ती कोर्टामुळे. २०१८ च्या एका तडजोडीत, माफीला पात्र असलेल्या काही जणांना आपलं घर १,००० डॉलरमध्ये परत घेता आलं. २०२० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की लिलावात थकबाकीपेक्षा जास्त आलेले पैसे काउंटीला खिशात घालता येणार नाहीत. ती केस मात्र एट माइलच्या पलीकडच्या उपनगरातली होती, ८ डॉलर ४१ सेंट थकले म्हणून घर गेलं आणि साडेचोवीस हजाराला विकलं.

त्याच वर्षी एका स्थानिक पेपरने हिशोब मांडला की २०१० ते २०१६ मध्ये शहराने घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जास्त आकारले. शहराचं म्हणणं असं की ते रोख परत द्यायची कायद्यात सोयच नाही. मग २०२० च्या शेवटी भरपाई म्हणून साधारण ६० लाख डॉलरची योजना आली, त्यात रोख काही नाही, घर घेताना सवलत वगैरे, आणि सिटी कौन्सिलने ती फेटाळली. जुलै २०२२ मध्ये पुढच्या कौन्सिलने डाउनटाउनमधल्या एका नव्या टॉवरला दहा वर्षांसाठी करसवलत मंजूर केली. रक्कम साधारण ६ कोटी डॉलर.