चढते गुण भारी की स्थिर गुण?

चार वर्षांच्या दोन गुणपत्रिका बघा. एकीवर ६०, ६८, ७९, ९३. दुसरीवर ७६, ७४, ७५, ७५. दोन्हींची सरासरी बरोबर ७५. केवळ सरासरीवर प्रवेश देणाऱ्या संस्थेला हे दोघे सारखेच. पण गुणपत्रिका वाचणारा माणूस असेल, तर त्याला ही दोन वेगळी मुलं दिसतात.

मात्र माणसाचं वाचन निर्दोष नसतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक जण ३० कोडी सोडवतोय आणि त्यातली १५ बरोबर येताहेत, हे लोकांना दाखवलं. काहींनी पाहिलेल्याची सुरुवात दमदार होती, मग तो घसरत गेला. काहींनी पाहिलेला अडखळत सुरू होऊन सुधारत गेला. अधिक हुशार कोण वाटला? घसरणारा! त्याची बरोबर आलेली कोडीही लोकांना प्रत्यक्षापेक्षा जास्त आठवत होती. पहिलं मत एकदा बनलं की पुढची माहिती त्याच चष्म्यातून दिसते. उशिरा सूर सापडलेल्या मुलांवर यात अन्यायच होतो, कारण पुढच्या वर्षी वर्गात कोण तग धरेल हे ठरवायला सगळ्यात ताजे गुण जास्त उपयोगाचे.

म्हणून चढता आलेख दिसला की लगेच भाळायचं का? तर तसंही नाही. प्रत्येक परीक्षेत नशिबाचा थोडा वाटा असतो: नेमका वाचलेला प्रश्न येणं, आदल्या रात्रीचा ताप, परीक्षकाचा हात. समजा, यामुळे गुण साधारण ४ ने इकडेतिकडे होतात. मग दोन वर्षांच्या गुणांतल्या फरकात ही अनिश्चितता ४ राहत नाही, ती सुमारे १.४ पट, म्हणजे साडेपाचच्या पुढे जाते. त्यामुळे ७२ वरून ७६ ही ‘प्रगती’ म्हणजे बहुधा काहीच नाही. शिवाय एखादं वर्ष फारच वाईट गेलं, तर पुढचं आपोआप बरं दिसतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत सरासरीकडे परतण्याचा हाच कल दाखवला होता. ६० पासून ९३ पर्यंत सलग तीन पायऱ्यांची चढण मात्र योगायोगावर ढकलता येत नाही. अर्थात दरम्यान अवघड विषय सोडून सोपे घेतलेले नसतील तर.

आणि जो पहिल्यापासून ९५ वर आहे, तो चढणार कुठे? त्याच्याकडे ‘प्रगती’ मागणं हास्यास्पद आहे. स्थिर आणि उंच गुणांना चढता आलेख सहसा हरवत नाही. त्याचा खरा फायदा सरासरी जवळपास सारखी असताना होतो.

काही ठिकाणी नियमच चढणाऱ्याच्या बाजूचे असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठीची सरासरी दहावी-अकरावीच्या विषयांवरून काढतं. नववीचे विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, पण त्यांचे गुण त्या सरासरीत धरत नाहीत. बारावीचे गुणही तिच्यात नसतात, तरी त्या वर्षी फार घसरण झाली तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.