गृहकर्जात दर महिन्याला थोडं जादा भरायचंय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

सांगली-मिरजेकडच्या घरात जादा पैसा येतो तो ठरावीक वेळी. उसाचं बिल जमा झालं, तासगावच्या सौद्यात बेदाणा विकला गेला, नाहीतर दिवाळीचा बोनस हातात पडला की. हप्ता मात्र बारा महिने सुरू असतो. त्या जादा पैशातले थोडे कर्जाच्या मुद्दलात भरले तर कर्ज कितीतरी आधी संपतं. फक्त पैसे भरणं पुरत नाही, ते मुद्दलात जातील अशी लेखी सूचना द्यावी लागते. मला हे उशिरा कळलं. पहिले चार महिने मी हप्त्यासोबत २,००० रुपये जादा भरत होतो आणि ते खात्यात पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून होते. मुद्दल ठरल्याप्रमाणेच उतरत होतं, जादा पैशानं त्याला हातही लागला नव्हता. शाखेत विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, तुमचा अर्जच नाही.

आधी आकडे बघू, कारण त्याशिवाय या खटाटोपाचं मोल कळत नाही. समजा २० लाखांचं कर्ज आहे, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो साधारण १७,३५६ रुपये. पहिल्या हप्त्यातले तब्बल १४,१६७ रुपये व्याजात जातात, मुद्दलात जेमतेम ३,१८९. आता पहिल्या महिन्यापासून दरमहा २,००० जादा भरले आणि व्याजदर तोच राहिला, तर २४० ऐवजी १८७ हप्त्यांत कर्ज नील होतं. म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं आधी, आणि व्याजाचे साडेपाच लाख रुपये वाचतात.

कोणाला भरता येतं?

कर्ज चालू आहे आणि हप्ते थकलेले नाहीत, अशा कोणालाही. थकबाकी असेल तर जादा रक्कम आधी तिकडेच वळते. शुल्काचा प्रश्न व्याजदराच्या प्रकारावर ठरतो. बदलत्या दराच्या, म्हणजे फ्लोटिंग गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बँकांना मनाई केली. २ जुलै २०२५ च्या निर्देशांनी हे आणखी स्पष्ट झालं. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, धंद्यासाठी नसलेल्या अशा कर्जांवर थोडी रक्कम भरा किंवा सगळी, पैसा कुठूनही आणलेला असो, शुल्क नाही. 'आधी अमुक महिने थांबा' अशी अटही घालता येत नाही. दर स्थिर असेल तर करारात लिहिलेलं शुल्क लागू शकतं. आधी काही वर्षं स्थिर आणि पुढे फ्लोटिंग असं कर्ज असेल तर भरताना कोणता दर चालू आहे ते पाहतात. घर तारण ठेवून दुकानासाठी काढलेलं कर्ज यात धरू नका, त्याचे नियम वेगळे.

आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. पतसंस्था आणि पगारदारांच्या सोसायट्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नाहीत, त्या सहकार खात्याखाली येतात. तिथे वरचे नियम आपोआप लागत नाहीत. संस्थेचे पोटनियम आणि कर्जरोखा वाचा, शुल्काचं लेखी विचारा.

अर्ज कसा करायचा

कर्ज ज्या शाखेत आहे तिथे साध्या कागदावर अर्ज चालतो, काही ठिकाणी छापील नमुना देतात. मजकूर असा ठेवा: 'माझ्या गृहकर्ज खाते क्रमांक अमुकमध्ये आज रु. अमुक इतकी अंशतः परतफेड करीत आहे. ही संपूर्ण रक्कम मुद्दलात जमा करावी, आगाऊ हप्ता म्हणून धरू नये. मासिक हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी व सुधारित परतफेड तक्ता द्यावा.' दर महिन्याला भरणार असाल तर 'यापुढे हप्त्याव्यतिरिक्त येणारी प्रत्येक रक्कम याच पद्धतीने जमा करावी' हे वाक्य जोडा. सहकर्जदार असेल तर त्याचीही सही घ्या.

मुदत कमी करा, हे वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. वरच्याच कर्जात वर्षभरानंतर एकदाच ५०,००० भरले असं धरा. हप्ता कमी करून घेतला तर तो महिन्याला ४४० रुपयांच्या आसपास उतरतो आणि शेवटपर्यंत व्याज वाचतं सुमारे ५१ हजार. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर १३ ते १४ हप्ते गळतात आणि व्याज वाचतं एक लाख ८८ हजारांच्या घरात. काउंटरवर 'हप्ता कमी करून देऊ का?' असं विचारलं की आपण पटकन हो म्हणतो. घरखर्च खरोखर ओढाताणीचा असेल तरच हो म्हणा.

सोबत आधार आणि पॅनची प्रत, कर्जखात्याचा ताजा उतारा आणि धनादेश. धनादेशावर कर्जखात्याचा क्रमांक लिहा. रोख देणं टाळा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. ऑनलाइन भरत असाल तर अंशतः परतफेडीचा पर्याय निवडा. तो दिसत नसेल तर शाखेत विचारल्याशिवाय पैसे टाकू नका. काही गृहवित्त कंपन्या एका वेळी किमान ठरावीक रक्कम मागतात. तसं असेल तर दरमहाचे पैसे रिकरिंग ठेव खात्यात साठवून एकदम भरा. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असेल तर हा अर्ज लागत नाही, खात्यात ठेवलेल्या पैशावर व्याज तसंच कमी होतं.

पंधरा दिवसांनी उतारा काढून मुद्दल खरंच उतरलं का बघा. बँकेनं दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारं पत्रक द्यायचं आहे. ऑगस्ट २०२३ चा तसा आदेश आहे. चूक दिसली तर लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

प्राप्तिकराचंही बघून ठेवा. जुन्या करपद्धतीत मुद्दलाच्या परतफेडीला दीड लाखापर्यंत वजावट मिळते आणि त्यात ही जादा रक्कमही धरली जाते. पावती जपा.

शेवटचा हप्ता संपल्यावर

शेवटी उरलेली रक्कम भरण्याआधी बँकेकडून त्या तारखेपर्यंतच्या एकूण येणे रकमेचं पत्र घ्या. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला, म्हणजे काहीही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र, आणि मूळ कागदपत्रं घ्यायची. खरेदीखत, सूची क्रमांक २, बांधकाम परवाना, जे जे दिलं होतं त्याची यादी समोर ठेवून एकेक तपासा. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. खात्यातून हप्ता कापण्याची परवानगीही रद्द करून घ्या.

आणि बोजा, म्हणजे मिळकतीच्या उताऱ्यावरची कर्जाची नोंद. घर गावठाणाबाहेर असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचं नाव असू शकतं, शहरात ते मिळकतपत्रिकेवर असतं. बेबाकी दाखला जोडून सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर, मिळकतपत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. हे काम लोक वर्षानुवर्षं लांबवतात आणि घर विकताना किंवा वारसनोंद करताना अडतात. फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून बेबाकी दाखल्याच्या मागे लावून ठेवा.