डॉलमध्ये देशाचे प्रश्न मांडणं

आयर्लंडच्या संसदेचं नाव एरॉक्टस. राष्ट्राध्यक्ष, वरचं सभागृह शॅनड आणि खालचं सभागृह डॉल, असं सगळं मिळून ती होते, पण सरकारला घाम फुटतो तो डॉलमध्येच. तिथल्या सदस्याला टीडी म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा खासदार. पहिलं डॉल 21 जानेवारी 1919 ला डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये भरलं, आता ते किल्डेअर स्ट्रीटवरच्या लेन्स्टर हाउसमध्ये भरतं, आणि तो मुळात अठराव्या शतकातला एका सरदाराचा वाडा आहे. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीपासून टीडी 174 झालेत, आधी 160 होते.

टीडीला एखादा विषय काढायचा असेल तर वाटा बऱ्याच आहेत. टीव्हीवर सगळ्यात जास्त दिसतं ते लीडर्स क्वेश्चन्स, मंगळवारी आणि बुधवारी पंतप्रधान म्हणजे टीशॉक उत्तर देतात, गुरुवारी बहुतेक वेळा उपपंतप्रधान, ज्यांना टॉनिश्ता म्हणतात. प्रश्न काय येणार हे आधी कळवायची सक्ती नाही, विरोधी नेत्याला तीन मिनिटं, उत्तराला तीन मिनिटं, मग परत एकेक मिनिट, बस्स. साध्या टीडीसाठी 2011 पासून टॉपिकल इश्यूज आहेत, आपल्या विधानसभेतल्या लक्षवेधीच्या जवळपास जाणारा प्रकार. टीडी विषय लिहून देतात, सभापती म्हणजे क्यॉन कोर्ल्या त्यातले मोजके निवडतात आणि मंत्र्याला समोर उभं राहून उत्तर द्यावं लागतं. नेहमीची तक्रार अशी की ज्या खात्याचा प्रश्न त्या खात्याचा मंत्री येतच नाही, कुठलातरी राज्यमंत्री येतो आणि हातातला कागद वाचून जातो. शिवाय लेखी प्रश्न असतात, ते वर्षाला हजारोंनी पडतात.

आता देशाच्या संसदेत एखाद्या गावच्या बससेवेवर किंवा एका म्हातारीच्या ऑपरेशनच्या तारखेवर एवढं का बोलतात, तर त्याचं मूळ निवडणुकीच्या पद्धतीत आहे. मतदारसंघ तीन ते पाच जागांचे, मतदार पसंतीक्रम लावतो, त्यामुळे टीडीची लढाई विरोधी पक्षाशी तर असतेच पण स्वतःच्याच पक्षातल्या शेजाऱ्याशीही असते, आणि गावचं काम डॉलमध्ये काढलं नाही तर पुढच्या वेळी तो शेजारी पुढे जातो. केरी परगण्यातले टीडी हीली-रे बंधू या राजकारणाचा चेहराच मानले जातात. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, पण मला वाटतं एका माणसाची गोष्ट सांगून मग धोरणावर यायचं ही डॉलची खरी ताकद आहे, नुसत्या आकड्यांना मंत्री सहज बगल देतो.

अर्थात आकडेही चावतात. गेली काही वर्षं पहिला प्रश्न घरांचा. 2024 च्या प्रचारात सरकारकडून त्या वर्षी जवळजवळ 40 हजार घरं पूर्ण होतील असं सांगितलं जात होतं, जानेवारी 2025 मध्ये सांख्यिकी कार्यालयाचा आकडा आला 30,330, मग काय, विरोधकांनी तो पुन्हा पुन्हा तोंडावर मारला. दुसरा प्रश्न दवाखान्यांचा, म्हणजे खाट न मिळाल्यामुळे ट्रॉलीवर पडून राहिलेले पेशंट. आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये सगळ्यांवर कडी केली ती लेन्स्टर हाउसच्या आवारातल्या सायकल स्टँडने, 36 सायकली ठेवायच्या आणि खर्च सुमारे 3 लाख 36 हजार युरो! घरांची चर्चा असो की बजेटची, ते शेड मध्ये येणारच.

टीडीला राज्यघटनेच्या 15 व्या कलमाचं कवच आहे, सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल कोर्टात खेचता येत नाही. मे 2015 मध्ये अपक्ष टीडी कॅथरीन मर्फी यांनी एका बड्या उद्योगपतीच्या बँक कर्जाचा तपशील डॉलमध्ये सांगितला, पण त्या माहितीवर हायकोर्टाची मनाई होती म्हणून मोठमोठी वृत्तमाध्यमंही ते भाषण छापायला कचरली, म्हणजे संसदेत सगळ्यांसमोर बोललेली गोष्ट पेपरात मात्र नाही! शेवटी 2 जूनला हायकोर्टानेच स्पष्ट केलं की डॉलमधलं भाषण छापायला त्या मनाईची आडकाठी नाही.

म्हणून काहीही बोललेलं चालतं असं नाही. भित्रा, ढोंगी, उंदीर असे शब्द असंसदीय धरले गेलेत. गंमत अशी की डिसेंबर 2009 मध्ये ग्रीन पक्षाचे टीडी पॉल गोगार्टी यांनी भर सभागृहात इंग्रजीतली सगळ्यात प्रसिद्ध शिवी हासडली, तेव्हा लक्षात आलं की ती यादीतच नाही.

आपल्याकडच्या लोकांना डॉलची ओळख झाली ती लिओ वराडकर यांच्यामुळे. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. लिओ 2017 ते 2020 आणि डिसेंबर 2022 ते एप्रिल 2024 असे दोनदा टीशॉक होते, म्हणजे हे सगळे प्रश्न अंगावर घ्यायचं काम त्यांचंच. 2019 च्या डिसेंबरअखेर ते वराडला येऊनही गेले.

अलीकडचं मोठं भांडण मात्र प्रश्न विचारायचा हक्क कोणाचा यावरच झालं. सरकारला पाठिंबा देणाऱ्या काही अपक्षांना विरोधकांच्या वाट्याचा बोलायचा वेळ हवा होता. 22 जानेवारी 2025 ला त्यावरून इतका गोंधळ झाला की टीशॉकची निवडच त्या दिवशी झाली नाही, मिहॉल मार्टिन दुसऱ्या दिवशी निवडून आले. मार्चमध्ये सरकारने आरडाओरड्यातच नियम बदलून घेतला आणि सरकारच्या बाजूच्या टीडींसाठी प्रश्नांचा वेगळा वेळ काढला. विरोधकांचं म्हणणं साधं होतं, सरकारला टिकवणाऱ्यानेच सरकारला प्रश्न विचारायचे तर मग आम्ही इथे कशाला बसलोय.