हृदयोपचारानंतरचे पुनर्वसन आणि सीमाभागातील ‘हलके काम’ : पार्श्वभूमी

बेळगाव सीमाभागात ‘पुनर्वसन’ म्हटले की आधी धरणग्रस्तांचा विषय निघतो, कारण हिडकलच्या जलाशयाखाली गेलेली गावे लोकांच्या बोलण्यात अजून आहेत. हृदयाच्या आजारासंदर्भात हा शब्द येथे फार उशिरा आला, आणि तो रुजण्याआधीच अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद करण्याचा उपचार, गावोगाव ओळखीची झाली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटका आलेल्या माणसाला सुमारे सहा आठवडे अंथरुणावरून उठू देत नसत. त्याला लवकर खुर्चीत बसवावे, हा विचार १९५२ मध्ये मांडला गेला. पुढे पायातील शीर वापरून अडलेल्या रक्तवाहिनीला वळसा देणारी बायपास शस्त्रक्रिया १९६७ मध्ये आणि झुरिकमधील पहिली अँजिओप्लास्टी १९७७ मध्ये झाली, तसे खाटेवरचे दिवस घटत गेले आणि देखरेखीखालील व्यायाम, आहार व तंबाखूमुक्ती यांचा साधारण बारा आठवड्यांचा कार्यक्रम, म्हणजेच हृदयोपचारानंतरचे पुनर्वसन, आकाराला आला.

आपल्याकडचा खरा बदल मात्र गेल्या पंधरा वर्षांतला आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठीची कर्नाटक राज्याची उपचार योजना २०१० मध्ये बेळगाव विभागात आली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधवेष्टित स्टेंटची (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची) कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली गेली. त्याआधी त्यासाठी लाखाच्या पुढे मोजावे लागत. हमालाला, विणकराला, निपाणीच्या तंबाखू वखारीतील बाईला उपचार आवाक्यात आले, ही मोठीच गोष्ट होती. पण सारी चर्चा किमतीभोवती फिरली, आणि दोन-तीन दिवसांत घरी परतलेल्या माणसाने पुढे काय करायचे, हे डिस्चार्जच्या कागदावरील एका ओळीवर सोडले गेले.

ती ओळ म्हणजे ‘हलके काम करावे’. कागद इंग्रजीत असतो, सुपरवायझर तो कन्नडमध्ये समजावतो आणि कामगार घरी मराठीत सांगतो. या तिन्ही ठिकाणी ‘हलके’ किती, याचे माप कुठेच नसते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत मोल्डिंगवरून (साचे भरण्यावरून) ग्राइंडिंगला (ओतीव भाग घासायला) बसवले की काम हलके झाले असे धरतात. परंतु बायपासनंतर छातीचे हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात आणि ग्राइंडरचा हादरा दंडांतून थेट तिथेच पोहोचतो; शिवाय भट्टीच्या धगीत काहीही न उचलता नाडी वाढते. विणकरांच्या वडगाव-खासबागेत चालत्या मागाजवळ उभे राहणे सोपे, पण ताण्याचा बीम (उभे सूत गुंडाळलेला रूळ) चढवणे जड, आणि दोन्ही एकाच पाळीत करावे लागते. आठ तासांतील सरासरी श्रम ट्रेडमिल चाचणीत दिसलेल्या कमाल क्षमतेच्या सुमारे ४० टक्क्यांच्या आत असावेत, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. तो लावायचा तर किती किलो, दिवसातून किती वेळा, भट्टीपासून किती अंतरावर, हे डॉक्टरने रुग्णाला विचारावे लागते, आणि माझ्या मते कामावर परतण्याच्या प्रमाणपत्रावर सही करण्याआधी ते विचारलेच पाहिजे.

रजेचा प्रश्न याच ओळीला जोडलेला आहे. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) असलेल्या कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि हृदयविकाराच्या ठरावीक गंभीर प्रकारांत ही मुदत वाढते. घरच्या मागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी घेणारा विणकर या छत्राबाहेर राहतो. त्याच्याकडे प्रमाणपत्र मागणारे कोणी नसते, म्हणून शेजारचा माणूस बीम चढवायला येईल तेवढे दिवस तो थांबतो आणि मग स्वतःच खांदा लावतो.