बेरेनिकेची संगमरवरी बुद्धमूर्ती

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं जुनं बंदर आहे, तिथल्या उत्खननात इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात सापडलेली रोमन काळातली भग्न मूर्ती. उंची ७१ सेंमी. उत्खनन पोलिश-अमेरिकन टीमचं, इजिप्त सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये ही बातमी जाहीर केली. बुद्ध उभा आहे, डाव्या हातात चीवर (भिक्खूचं वस्त्र) धरलंय, डोक्यामागे प्रभावळ, तिच्यावर सूर्याचे किरण कोरलेत, शेजारी कमळ. उजव्या अंगाचा काही भाग आणि उजवा पाय तुटून गेलाय.

खरा वाद आहे तो मूर्ती घडवली कुठे याचा. दगड भारतातला नाही. तो इस्तंबूलच्या दक्षिणेकडच्या खाणीतला असावा असं मानतात. पण दगड तिकडचा म्हणून कारागीरही तिकडचाच असं काही नसतं, रोमन काळात संगमरवराचे ठोकळे जहाजानं लांबलांब जायचे आणि कोरीवकाम पोचल्या ठिकाणी व्हायचं. एक मत असं की मूर्ती अलेक्झांड्रियात झाली, दुसरं असं की खुद्द बेरेनिकेतच झाली आणि तिथल्या एखाद्या श्रीमंत भारतीय व्यापाऱ्यानं (किंवा दोघातिघांनी मिळून) ती मंदिरात वाहिली. कोरीवकाम इजिप्तमध्येच झालं इतपत धरायला हरकत नसावी, शहर कुठलं ते सोडून देऊ.

काळ साधारण इ.स. दुसरं शतक. इथे एक घोळ नेहमी होतो. त्याच मंदिरात रोमन सम्राट फिलिप द अरब (इ.स. २४४–२४९) याच्या काळातला एक संस्कृत लेखही मिळालाय, आणि लोक दोन्ही एकत्र करून मूर्तीलाच ती तारीख लावून टाकतात. लेख बहुधा मूर्तीनंतरचा आहे.

मंदिरात सातवाहनांची दुसऱ्या शतकातली दोन नाणीही निघाली, म्हणजे आपल्या पैठणवाल्यांचीच! 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत बेरेनिकेही आहे आणि सोपारा, कल्याण, चौलही आहेत, त्यामुळे नाणी तिथवर कशी गेली याचं फार नवल वाटायला नको. उलट बाजूनं बघायचं तर कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन (त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परदेशी) दात्यांचे लेख आहेत, अर्थात यवन म्हणजे दरवेळी ग्रीकच असं समजू नये. मूर्ती नेमकी कोकण किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यानं दिली असं मात्र नाण्यांवरून ठरत नाही, कारण बेरेनिकेत दक्षिण भारतातली मिरीही भरपूर सापडलीय.