डकोटाच्या किटसोबत: हे विमान कोणत्या काळाचे बनवायचे?

डकोटा या मालवाहू विमानाच्या प्रतिकृतीचे खोके उघडल्यावर ग्राहकांचा पहिला फोन बहुतेक वेळा डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या, पानाबद्दल येतो. त्यावर ‘व्हीपी 905’ हा क्रमांक आहे, मग दिल्लीजवळ हिंडनला आलेले ‘परशुराम’ हेच का? क्रमांक तोच, विमान वेगळे.

मूळ व्हीपी 905 भारतीय हवाई दलाच्या 12 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे. 27 ऑक्टोबर 1947 रोजी पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन जे डकोटा दिल्लीहून श्रीनगरला उतरले, त्यांत हे होते. ‘परशुराम’ची बांधणी 1944 ची, आणि पुढचे बरेचसे आयुष्य ब्रिटनमध्ये गेलेले. राजीव चंद्रशेखर यांनी ते दुरुस्त करून घेऊन हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर स्वतः डकोटा उडवत. एप्रिल 2018 मध्ये हे विमान कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्याने उडत भारतात आले आणि जुन्या विमानाच्या सन्मानार्थ त्याला हा क्रमांक मिळाला.

1947-48 चे विमान करणार असाल तर हवाई दलाचे चिन्ह असलेला तिरंगी गोल चिकटवू नका, ते 1950 नंतरचे. हीच चूक सर्वांत जास्त होते. खरे तर याच दोन वर्षांत डकोटाने सगळ्यात अचाट कामे केली. वेढा पडलेल्या पूंछमध्ये घाईघाईने तयार केलेल्या धावपट्टीवर रसद पोचवली, तोफासुद्धा उतरवल्या. मालवाहू विमान असूनही दारातून बॉम्ब ढकलले. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग जनरल थिमय्यांना घेऊन थेट लेहला उतरले. धावपट्टी दहा हजार फुटांहून उंच, सोनम नोर्बू या अभियंत्याने तयार करून घेतलेली. आणि विमानात हवेचा दाब राखायची सोयच नाही!

नंतरच्या काळातला डकोटा हवा असेल तर आमची पसंती 1971 ला. 11 डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलवर 2 पॅरा ही छत्रीधारी सैनिकांची, पूर्वाश्रमीची मराठा बटालियन उतरवली गेली. त्या ताफ्यात एएन-12 आणि पॅकेट या मालवाहू विमानांच्या जोडीने डकोटाही होते. तेव्हाचे डिकल पानाच्या खालच्या अर्ध्या भागात आहेत. ऐंशीच्या दशकात हवाई दलाने डकोटाला निरोप दिला.

जोडणीबद्दल थोडेसे. 1:72 प्रमाणात पंखांची लांबी सुमारे 40 सेंटिमीटर भरते, कपाटाचा खण आधी मोजून घ्या. मालाचे मोठे दुहेरी दार डाव्या अंगाला, मागच्या बाजूला. ते उघडे ठेवायचे असेल तर आतली जमीन आधी रंगवा, नंतर ब्रश पोचत नाही. उडत्या स्थितीत चाके पूर्ण आत ढकलू नका. खऱ्या विमानातही ती अर्धी बाहेरच राहतात. इंजिने प्रत्येकी 1200 अश्वशक्तीची, चौदा सिलिंडरची. सिलिंडर दोन रांगांत बसतात, मागची रांग चिकटवायची विसरू नका, झाकणाच्या तोंडातून ती दिसते. शेपटीखाली चाक असल्याने नाकात वजन भरायची गरज नाही.

डिकल पाण्यात फाटले तर पावती दाखवून नवे पान घेऊन जा, पैसे पडणार नाहीत.